सव्वीस थाऊ

आमच्या घरात एक फोटो आहे. तो भिंतीवर नाही. कपाटात, आईच्या ठेवणीतल्या साड्यांखाली, एका खाकी पाकिटात आहे. फोटोत आजी माजघरात पाटावर बसली आहे आणि तिच्या मांडीवर दीड वर्षाची मी आहे. आजीला नाक आहे, डोळे आहेत, कपाळावर कुंकू आहे. पण हे सारे आहे असे मानून घ्यावे लागते. धुक्यातून कोणी चालत यावे तसा तिचा चेहरा. मांडीवरची मी म्हणजे तर नुसता एक पांढरा गोळा. मात्र मागच्या भिंतीवरचे कालनिर्णय अगदी लख्ख! फेब्रुवारी २००६. दूधवाल्याच्या खाड्यांच्या आजीने मारलेल्या फुल्यासुद्धा मोजून घ्याव्यात, इतक्या स्पष्ट.

त्याच वर्षी आषाढात आजी गेली. माझ्या बारशाच्या फोटोंत ती नाही. घरच्या बायका अशा वेळी असतात तिथे, म्हणजे स्वयंपाकघरात, ती होती. तेव्हा आम्हा दोघींचा मिळून एवढा एकच फोटो. आणि त्यात फुल्या स्पष्ट, आजी अस्पष्ट.

हा फोटो आजोबांनी काढला. त्यानंतर त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही.

आजोबा अंबरनाथच्या आयुध कारखान्यात टर्नर होते. आमच्याकडे त्याला सगळे 'ऑर्डनन्स' म्हणतात. बदलापूर गावातून पायी स्टेशन, स्टेशनवरून अंबरनाथ, असा त्यांचा जन्म गेला. १९७१ साली फोर्टातल्या एका पारशी गृहस्थाकडून त्यांनी एक जुना रोलीकॉर्ड विकत घेतला. दोन महिन्यांचा पगार त्यात गेला, आणि आजी दोन आठवडे त्यांच्याशी बोलली नाही, असे म्हणतात. (आजोबांच्या मते एकच आठवडा.) पुढे तीस-पस्तीस वर्षे गावातल्या मुंजी, साखरपुडे, शाळेचे निरोपसमारंभ, सगळे या डब्यातून गेले. पैसे घेत नसत. रोलचा खर्च तेवढा घेत. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल तेव्हा मिळे. आता तो कारखानाही बंद पडला आणि रोलही गेला.

ज्यांनी हा कॅमेरा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. तो डोळ्याला लावायचा नसतो. गळ्यात अडकवून पोटाशी धरायचा आणि वरून, विहिरीत डोकावावे तसे, त्यात डोकावायचे. पुढे एकाखाली एक अशी दोन भिंगे. वरचे बघते, खालचे टिपते. वरच्या भिंगातून आलेला उजेड आत पंचेचाळीस अंशांत बसवलेल्या आरशावर पडून वर वळतो आणि एका घासलेल्या काचेवर चित्र उमटते. खालच्या भिंगामागे शटर, त्यामागे फिल्म. दोन्ही भिंगे एकाच पाटीवर बसवलेली असल्यामुळे बाजूचे चाक फिरवले की जोडीने पुढे-मागे सरकतात. वरच्या काचेवर चित्र स्पष्ट झाले की खाली फिल्मवरही ते स्पष्ट असणार, हा सगळा विश्वासाचा मामला. चित्र सरळ दिसते, पण डावे-उजवे उलट. त्यामुळे आजोबा ग्रुप फोटो काढताना 'जरा उजवीकडे सरका' म्हणून स्वतःच भलतीकडे वळत, अशी गावात एक आठवण सांगतात.

जर्मनीत ब्राउनश्वाइग गावी फ्रांके आणि हायडेके या दोघांनी १९२९ साली रोलीफ्लेक्स काढला, आणि १९३३ साली त्याचाच स्वस्तातला धाकटा भाऊ रोलीकॉर्ड. फोटो घेण्याच्या क्षणीही बघणारे भिंग उघडेच राहते, समोरचे माणूस क्षणभरही नजरेआड होत नाही, म्हणून वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना हे यंत्र प्रिय होते. आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांच्या हातात रोलीफ्लेक्स असे. त्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या होत्या. म्हणजे कला शाखेच्या मुलींनी यंत्रात हात घालू नये, असे काही नाही. हे वाक्य मी आमच्या घरासाठी लिहिले आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत हा कॅमेरा मी माळ्यावरून खाली काढला. चामड्याच्या पेटीला बुरशी, पण आतले यंत्र ठणठणीत. शटर टिक् करून उघडत होते. आजोबांना विचारले, "आजोबा, हा मी चालवून बघू?"

ते म्हणाले, "चालव. कॅमेऱ्याचा दोष नव्हताच. माझे डोळे गेले होते."

घरात या फोटोबद्दल दोन मते आहेत. बाबांच्या मते ज्या स्टुडिओने रोल धुतला त्याने घोटाळा केला. वीस वर्षे त्या बिचाऱ्याला आमच्या घरात शिव्या बसत आहेत. आजोबांचे मत डोळ्यांचे. त्या रोलवरचे बारापैकी सहा फोटो बाहेर अंगणात आणि नदीवर, उन्हात काढलेले होते. ते चांगले आले. घरात काढलेले सहाच्या सहा बिघडले. उजेडात दिसते आणि अंधारात दिसत नाही, म्हणजे मोतीबिंदू, हे त्यांनीच ठरवले. डॉक्टरांनी तपासले तर मोतीबिंदू खरोखरच निघाला! पुढच्या वर्षी त्याचे ऑपरेशन झाले. पण तोवर ज्या माणसाचा फोटो परत काढायचा ते माणूसच उरले नव्हते. आता शहाऐंशीव्या वर्षी त्यांना काचबिंदूही आहे. दिवा लावला की दिवा लागल्याचे कळते, समोर कोण उभे आहे ते आवाजावरून ओळखतात.

मी एक रोल विकत घेतला. त्याची किंमत सांगत नाही, कारण हा अंक आईच्याही हाती पडेल. बारा फोटो काढले. फोकस नीट बघून, श्वास रोखून काढले. धुऊन आले ते सगळे आजीच्या फोटोसारखे. आणि माझे डोळे तर सहा-सहा आहेत.

मुंबईच्या एका दुकानात दाखवला. त्यांनी कॅमेरा फिरवून पाहिला आणि सांगितले, "भिंग हललेय. ठेवून जा, किंवा शोभेला ठेवा." मी तो परत घेऊन आले. गाडीत कर्जत लोकलच्या गर्दीत पोटाशी धरून उभी होते, तेव्हा मनात आले, हललेले भिंग कोणते? वरचे की खालचे? दोघांतले एक खोटे बोलत आहे हे खरे, पण कोणते?

आधी चूक कोणत्या दिशेला आहे ते पाहायचे ठरवले. ओट्यावर नऊ काड्यापेट्या तिरक्या रांगेत मांडल्या, एकीपेक्षा पुढची कॅमेऱ्यापासून पंधरा सेंटिमीटर लांब. तिसरी पेटी कॅमेऱ्यापासून बरोबर दोन मीटरवर, टेपने मोजून. भिंगाचे तोंड पूर्ण उघडे, म्हणजे साडेतीनवर. कारण तोंड जितके उघडे तितकी स्पष्टतेची पट्टी अरुंद, चूक लपायला जागा नाही. फोकस तिसऱ्या पेटीवर घेतला. निगेटिव्ह आली तेव्हा तिसरी पेटी धूसर आणि सर्वांत स्पष्ट सातवी. म्हणजे दोन मीटरवर बघावे तर कॅमेरा टिपत होता सुमारे दोन मीटर साठ सेंटिमीटरवरचे. मी निगेटिव्ह खिडकीशी धरून उभी राहिले आणि एकदम ते कालनिर्णय डोळ्यांपुढे आले. आजीच्या मागे भिंत होती ती हात-सव्वा हातावर.

उन्हातले फोटो चांगले का आले, तेही मग लक्षात आले. उन्हात आजोबा भिंगाचे तोंड सोळावर आवळत. तोंड असे बारीक केले की स्पष्टतेची पट्टी मागेपुढे इतकी रुंद होते की माणूस त्या पट्टीत मावून जातो. चूक असते, पण दिसत नाही. घरात संध्याकाळी उजेड नाही म्हणून तोंड पूर्ण उघडावे लागे, आणि पट्टी वीतभरच उरे. मोतीबिंदू होता हे खरे. पण फोटो त्याने बिघडवले नव्हते.

दिशा कळली, गुन्हेगार कळला नव्हता. त्यासाठी फिल्मच्या जागी बसून बघायला हवे. फिल्म जिथे असते तिथे एक घासलेली काच ठेवायची, खरखरीत बाजू भिंगाकडे. शटर 'बी'वर टाकून केबल रिलीजने उघडे अडकवायचे. तोंड पूर्ण उघडायचे. आणि खूप लांबची वस्तू भिंगातून काचेवर कशी उमटते ते पाठीमागून दुसऱ्या बहिर्गोल भिंगाने पाहायचे. चाक 'अनंत' या खुणेवर टेकवलेले असताना लांबचा डोंगर स्पष्ट दिसला, तर खालचे भिंग निर्दोष.

इथे मी दोन दिवस वाया घालवले. घासलेली काच नव्हती, म्हणून काचवाल्याकडून साध्या काचेचा तुकडा कापून आणला आणि त्याला ट्रेसिंग पेपर डकवला. डोंगर धूसर! तेव्हा खालचेच भिंग बिघडले, असा निकाल देऊन मी स्क्रू ड्रायव्हर शोधायला उठलेसुद्धा. मग आजोबांनी विचारले, "काच कशावर टेकलीय?" मी म्हटले, "मागच्या पट्ट्यांवर." "किती पट्ट्या आहेत?" मोजल्या तर दोन्ही बाजूंना दोन-दोन निघाल्या. आतल्या दोन जरा खोल, त्यांवरून फिल्म जाते. बाहेरच्या दोन किंचित उंच, त्यांवर फिल्म दाबणारी पाटी टेकते. माझा तुकडा रुंद होता आणि बाहेरच्या पट्ट्यांवर बसला होता. काच परत कापून घेतली. काचवाला म्हणाला, "ताई, दोन मिलिमीटरसाठी परत आलात?"

आता डोंगर हवा. पूर्वी आमच्या परसातून चंदेरीचा सुळका दिसे, असे आजोबा सांगतात. आता परसातून सातमजली इमारतीचा जिना दिसतो. म्हणून एका रविवारी सकाळी कॅमेरा, तिवई, आजोबांचे घड्याळजीचे भिंग आणि धाकटा चुलतभाऊ असा लवाजमा घेऊन उल्हास नदीवर गेले. सकाळचे ऊन समोरून डोंगरावर पडते, चंदेरीची उभी कातळभिंत आणि तिच्या कडेची रेघ अशी दिसते की जणू कोणी सुरीने कापली आहे. शटर उघडले, डोक्यावरून आईची काळी शाल घेतली. ट्रेसिंग पेपरवर उलटी चंदेरी लटकत होती, पाय वर, शेंडी खाली, आणि कड अगदी रेखीव! खालचे भिंग खरे बोलत होते. मग शाल काढून वरून विहिरीत डोकावले. वरची चंदेरी मऊ, पिठात बुडवल्यासारखी. चाक अनंताच्या पुढे जात नाही, नाहीतर मी अजून फिरवले असते.

खोटे बोलणारे भिंग सापडले, असे समजून मी घरी आले. यावर उपाय असतो तो मला वाचून माहीत होता: वरच्या भिंगाच्या कडेचे बारीक स्क्रू सैल करायचे, भिंग आट्यांवर हळूहळू फिरवायचे, दोन्हीकडची चंदेरी सारखी झाली की स्क्रू आवळायचे. जेवणानंतर मी ओट्यावर वर्तमानपत्र पसरले. आजोबा शेजारी झोपाळ्यावर होते. म्हणाले, "स्क्रूवर ओरखडे आहेत का बघ आधी." मी भिंग लावून पाहिले. एकही ओरखडा नव्हता. "मग ते कोणी सोडवलेले नाही. न सोडवलेला स्क्रू आपोआप एवढा सरकत नाही. भिंग आणि डोळा यांच्यामध्ये अजून काय आहे?"

"आरसा. आणि काच."

"आण इकडे."

मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी सवयीने झाकण उघडले, चारी पाखे उभे राहिले. आत डोकावून त्यांना काही दिसणार नव्हते, म्हणून त्यांनी बोट आत घातले आणि काचेवरून फिरवले. एकदा फिरवले. परत फिरवले. मग नखाने हलकेच ओढून पाहिले.

"ही खरखरीत आहे," ते म्हणाले.

मला आधी कळलेच नाही. घासलेली काच खरखरीत नसेल तर काय असेल? त्यांनी माझे बोट धरून काचेवर ठेवले. "वरून खरखरीत लागतेय. खरखरीत बाजू खाली हवी, आरशाकडे. चित्र त्या बाजूवर पडते."

मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. झोपाळाही थांबला. मी विचारले, "कोणी बसवली असेल उलटी? त्या स्टुडिओवाल्याने?"

"त्याच्याकडे रोल गेला होता, कॅमेरा नाही," आजोबा म्हणाले. "मीच."

२६ जुलै २००५ चा पाऊस आमच्या पिढीला ऐकून माहीत आहे. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पडला. इकडे उल्हासने गावात शिरून घरे धुतली. आमच्या घरात पाणी कपाटाच्या तिसऱ्या फळीपर्यंत आले. कॅमेरा चौथीवर होता. भिजला नाही, पण महिनाभर घरात ओल राहिली आणि काचेवर बुरशीचे ठिपके आले. गणपतीच्या सुमाराला आजोबांनी वरचे हूड सोडवले, काच काढली, पुसली, आरशाला मात्र हात लावला नाही (त्याचा मुलामा वरच्या अंगाला असतो, पुसला की निघतो, हे त्यांना ठाऊक होते), आणि काच परत बसवली. घरात तेव्हा भिंतींचा चिखल निघत होता, धान्य वाळत पडले होते, वीज नव्हती. कंदिलाच्या उजेडात बसवली, असे ते म्हणाले. आणि मग फेब्रुवारीपर्यंत कॅमेरा उघडला नाही.

काच काढून मी त्यांच्याच मायक्रोमीटरने मोजली. जाडी एक मिलिमीटर. ती उलटी बसल्यामुळे चित्र पडण्याची जागा मिलिमीटरभर वर गेली. आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सरांना विचारले तेव्हा त्यांनी फळ्यावर किरण काढून दाखवले, की काचेतून जाताना उजेड वाकतो आणि त्या मिलिमीटरातला तिसरा हिस्सा भरून निघतो. उरलेली चूक दोन तृतीयांश मिलिमीटर. पंचाहत्तर मिलिमीटरच्या भिंगाला दोन मीटरचे दोन मीटर सत्तावन्न सेंटिमीटर करायला एवढी पुरते. हिशेब काड्यापेट्यांशी जुळला, तेव्हा सरांनाच जास्त आनंद झाला. कला शाखेची मुलगी त्यांच्या वर्गात बसल्याचा हा पहिलाच प्रसंग, असे ते म्हणाले.

घरी येऊन आकडा सांगितला. आजोबांनी मनात हिशेब केला. इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ. त्यांचे सगळे आयुष्य याच भाषेत गेले.

"सव्वीस थाऊ," ते म्हणाले. "आमच्याकडे दोन थाऊला जॉब भंगारात जायचा."

मी म्हटले, "पण आजोबा, डोळ्यांचा दोष नव्हता ना."

"डोळ्यांचा असता तर बरे होते," ते म्हणाले आणि आत गेले.

हे मी त्यांना सांगायला नको होते का, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. वीस वर्षे त्यांनी वयाला दोष दिला होता. वयापुढे कोणाचे चालते? त्या जागी मी त्यांच्या हाताची चूक आणून ठेवली, आणि हात ही तर त्यांची मिरवायची गोष्ट. आई म्हणाली, उगीच खणलेस. बाबांनी स्टुडिओवाल्याचा विषय त्या दिवसापासून सोडला. आजोबा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली आणि काच मागितली. अंगठ्याने दोन्ही बाजू चाचपल्या, खरखरीत बाजू खाली धरली आणि म्हणाले, "मी धरतो, तू स्क्रू लाव." आम्ही तसे केले. त्यांच्या हाताला आता कंप आहे. पण काच जागेवर बसली तेव्हाचा बारीक आवाज त्यांनी माझ्या आधी ऐकला.

रविवारी परत नदीवर गेले. खालची चंदेरी रेखीव, वरची चंदेरी रेखीव. वरच्या भिंगाचे स्क्रू मी अजून सोडवलेले नाहीत, त्यांची गरजच पडली नाही.

उरलेल्या रोलवर एक फोटो काढायचा ठरला. माजघर तेच, संध्याकाळ तीच वेळ, तोंड साडेतीनवर, शटर सेकंदाचा पंधरावा भाग, तिवईवर. आजोबा पाटावर बसू शकत नाहीत, म्हणून खुर्ची ठेवली. मागे या वर्षीचे कालनिर्णय. मी टेपने अंतर मोजू लागले तर म्हणाले, "आता टेप कशाला? काचेवर बघ." काचेवर पाहिले. चष्म्याच्या दांडीवर फोकस घेतला.

निगेटिव्ह धुऊन आली त्या दिवशी मी ती घेऊन झोपाळ्यापाशी गेले.

"चेहरा?" त्यांनी विचारले.

"स्पष्ट आलाय. दाढीचे खुंटसुद्धा दिसतात."

"मागची तारीख वाचता येते का?"

मी परत उजेडाशी धरून बघितली. "नाही. नुसता पांढरा चौकोन आहे."

"मग बरोबर," आजोबा म्हणाले.